स्वतःच्या प्रवासासाठी वेगवान एकइंजिनी विमान निवडताना: सीमाभागातील खरेदीदारांसाठी क्रमवार मार्गदर्शन

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांत स्वतःचे छोटे विमान घेऊ पाहणारे लोक थोडेच आहेत. पण त्यांच्यापैकी बहुतेकांचा खरेदीचा क्रम एकच असतो आणि तो उलटा असतो. आधी परदेशातील विक्रीची जाहिरात नजरेस पडते, तीतला वेगाचा आकडा मनात भरतो, किंमत रुपयांत मांडून पाहिली जाते, विसार पाठवण्याची तयारी होते, आणि त्यानंतर इंधन कोठे मिळेल, हँगर कोणाचे, विमान भारतात नोंदवता येईल की नाही, हे प्रश्न सुचतात. तोपर्यंत मन त्या एका विमानात अडकलेले असते आणि प्रत्येक प्रश्नाचे सोयीचे उत्तर शोधले जाते.

पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत, कारण प्रत्येक टप्प्याचे उत्तर पुढच्या टप्प्यातील काही विमाने बाद करते. सहाव्या टप्प्यापर्यंत एकही जाहिरात उघडू नये.

वाचकाकडे खाजगी वैमानिकाचा परवाना आहे किंवा त्याचे प्रशिक्षण चालू आहे आणि विमान केवळ स्वतःच्या व कुटुंबाच्या प्रवासासाठी हवे आहे, असे येथे धरले आहे. खाजगी प्रकारात नोंदलेले विमान भाड्याने चालवता येत नाही. त्यामुळे "रिकाम्या वेळेत भाड्याने देऊन खर्च काढू" ही ओळ हिशेबाच्या वहीतून पहिल्याच दिवशी खोडावी.

टप्पा १: प्रवासांची यादी

गेल्या वर्षी आपण कामासाठी आणि घरच्या कारणांसाठी कोठे कोठे गेलो, किती जण होतो, त्याच दिवशी परतलो की मुक्काम केला, हे सगळे लिहून काढावे. ज्या प्रवासांची केवळ इच्छा आहे, त्यांची यादी वेगळ्या पानावर करावी आणि ते पान विमान निवडताना वापरू नये.

बेळगावच्या सांबरा विमानतळापासून हवाई अंतरे साधारण अशी येतात: पुणे ३१० किलोमीटर म्हणजे सुमारे १७० सागरी मैल, मुंबईचे जुहू ४०५ किलोमीटर म्हणजे २२० सागरी मैल, तर हैदराबादचे बेगमपेट आणि बेंगळुरूचे जक्कूर दोन्ही ४४५ किलोमीटरच्या आसपास म्हणजे २४० सागरी मैल. या भागातील माणसाचा बहुतेक प्रवास या वर्तुळात बसतो.

आता वेगाचा हिशेब करावा. २४० सागरी मैलांना ११० नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) २ तास ११ मिनिटे, १४० नॉटने १ तास ४३ मिनिटे, १६० नॉटने दीड तास आणि १७५ नॉटने १ तास २२ मिनिटे लागतात. म्हणजे ११० वरून १४० नॉटवर गेल्यास २८ मिनिटे वाचतात, १४० वरून १६० वर गेल्यास १३ आणि तेथून १७५ वर गेल्यास केवळ ८. निपाणीहून सांबऱ्यापर्यंतचा रस्ता, उड्डाण आराखडा, हवाई संरक्षण परवानगी, इंधन आणि उड्डाणापूर्वीची तपासणी यांना लागणारा वेळ सर्व विमानांना सारखाच आहे.

वेगाची किंमत मात्र सारखी वाढत नाही. त्याच विमानाला २० टक्के अधिक वेगाने न्यायचे असेल तर ढोबळमानाने ७० टक्क्यांहून अधिक शक्ती लागते, कारण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आमच्या अंतरांसाठी १३५ ते १६० नॉट हा पट्टा पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापलीकडच्या प्रत्येक नॉटसाठी मोजलेला पैसा घड्याळात फारसा दिसत नाही.

*तपासा:* यादीतील दहापैकी आठ प्रवास किती अंतराचे आणि किती माणसांचे आहेत, हे एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. ते जमत नसेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा २: माणसे, सामान आणि इंधन यांचे वजन

चार आसने असलेले विमान चार माणसांचे असतेच असे नाही. विमानाच्या कमाल वजनातून रिकामे वजन वजा केले की उपयुक्त भार मिळतो, आणि माणसे, सामान व इंधन हे तिन्ही त्या एकाच आकड्यातून घ्यायचे असतात.

उदाहरणादाखल मूनी एम-२० जे हे २०० अश्वशक्तीचे विमान घेऊ. त्याचा उपयुक्त भार सुमारे ४३० किलो असतो. टाक्यांत वापरता येण्याजोगे २४२ लिटर इंधन मावते, त्याचे वजन सुमारे १७४ किलो होते, आणि टाक्या भरल्यावर माणसे व सामानासाठी २५६ किलो उरतात. दोन जोडप्यांचे मिळून २९५ किलो आणि सामान ४५ किलो धरले, तर इंधनाला ९० किलोच उरतात, म्हणजे १२५ लिटर. ताशी ३८ लिटर जळण आणि पाऊण तासाचा राखीव साठा धरून हातात सुमारे अडीच तास राहतात. बेंगळुरूला जाणे सहज जमते. तेथे इंधन न घेता परत येणे जमत नाही.

तेच विमान दोघांनी नेले तर चित्र बदलते. दोन माणसे आणि थोडे सामान मिळून १६५ किलो, टाक्या पूर्ण भरलेल्या, तरीही सुमारे ९० किलो शिल्लक. सहा तासांहून अधिक इंधन जवळ असल्यामुळे बेंगळुरूला जाऊन तेथे एक लिटरही न भरता सांबऱ्याला परतता येते. येथील खरेदीदाराने लांब पल्ल्याची किंमत याच कारणासाठी मोजावी, कारण इंधनाची अडचण चौथ्या टप्प्यात येणार आहे.

*सूचना:* घरच्या माणसांचे वजन विचारू नका, काट्यावर घ्या. आणि विक्रेत्याने सांगितलेला उपयुक्त भार धरू नका. त्या विशिष्ट विमानाचा वजन केल्याचा ताजा अहवाल मागा. जुन्या विमानात वर्षानुवर्षे उपकरणे, गालिचे आणि रंगाचे थर वाढत गेलेले असतात.

टप्पा ३: सांबऱ्याची उंची, एप्रिलची दुपार, घाट आणि पावसाळा

परदेशी लेखांतील सल्ला जसाच्या तसा उचलल्याने सर्वाधिक फसगत होते ती या टप्प्यावर.

सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे. या उंचीवर प्रमाण तापमान १० अंश सेल्सिअस असते. एप्रिलच्या दुपारी पारा ३६ वर गेला की फरक २६ अंशांचा होतो, आणि प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट या हिशेबाने विमानाच्या दृष्टीने आपण ५,६०० फुटांवर उभे असतो. टर्बो (विरळ हवा दाबून इंजिनात भरणारे यंत्र) नसलेले इंजिन तेथे समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे १७ टक्के कमी शक्ती देते. शिवाय प्रॉपेलर आणि पंख यांनाही विरळ हवाच मिळते. सांबऱ्याची धावपट्टी २,३०० मीटरची असल्याने तेथे जागेची चिंता नाही. चिंता आहे ती दुसऱ्या टोकाची: बेंगळुरू सुमारे ३,००० फुटांवर आहे आणि जक्कूरची धावपट्टी सांबऱ्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. विमानाच्या पुस्तिकेत दिलेले उड्डाणाचे अंतर नव्या विमानावर, कसलेल्या वैमानिकाने मोजलेले असते. जुन्या विमानासाठी त्यात निदान ५० टक्के वाढ धरून मगच धावपट्टीशी तुलना करावी.

दुसरा विषय घाटाचा. पुणे, हैदराबाद, बेंगळुरू या दिशांना पठारावरून जाता येते आणि इंजिन बंद पडलेच तर खाली शेते असतात. गोव्याकडे मात्र खानापूरच्या पलीकडे दाट जंगल आणि तुटलेले कडे आहेत. इंजिन बंद असताना अशी विमाने १ फूट खाली येताना साधारण ९ फूट पुढे जातात असे धरले, तर पठाराच्या ५,५०० फूट वर असताना सुमारे १५ किलोमीटरचा टप्पा हाती असतो. कणकुंबीच्या बाजूने घाट ओलांडताना हा टप्पा कोठपर्यंत पोचतो ते नकाशावर वर्तुळ काढून पाहावे. कमी उंचीवरून "पटकन गोव्याला" जाण्यासाठी एकइंजिनी विमान घेऊ नये.

तिसरा विषय पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर या काळात दृश्य नियमांखाली, म्हणजे डोळ्यांनी बाहेर पाहून, प्रवास करण्याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. उपकरणांवर उडण्याचा परवाना असला तरी छोट्या विमानाने मान्सूनच्या गडगडाटी ढगांत शिरणे योग्य नव्हे. म्हणून वर्षाचा हिशेब आठ महिन्यांचाच करावा. दृश्य नियमांखालील उड्डाण भारतात सूर्यास्तानंतर सर्वसाधारणपणे करता येत नाही. उपकरण परवाना नसेल तर सायंकाळी मुंबईहून परतण्याचे बेत यादीतून काढावेत.

या तिन्हींतून पैसे वाचवणारी एक गोष्टही निघते. पंखांवरचे बर्फ काढणारी यंत्रणा आणि टर्बोचार्जर यांमुळे परदेशात विमानाची किंमत वाढते, पण आमच्या भागात, ८,००० ते १०,००० फुटांवरून उडताना, गोठणबिंदूची पातळी त्याच्या कितीतरी वर असते. दीड तासाच्या प्रवासासाठी १५,००० फुटांवर चढून प्राणवायूची नळी लावण्यातही अर्थ नाही. या दोन गोष्टींसाठी जास्त पैसे देऊ नका. तो पैसा इंजिनाच्या तपासणीसाठी ठेवा.

टप्पा ४: इंधन, हँगर, अभियंता

पेट्रोलवर चालणाऱ्या विमान-इंजिनांना ॲव्हगॅस १०० एलएल लागते. ते २०२२ पासून इंडियन ऑईल देशात तयार करत आहे, तरी प्रवासी विमानतळांवर सर्रास मिळते ते जेट ए-१, म्हणजे मोठ्या जेट विमानांचे इंधन. ॲव्हगॅसचा साठा मोजक्या ठिकाणी, मुख्यतः प्रशिक्षण संस्थांकडे असतो. सांबऱ्यावर आणि यादीतील प्रत्येक ठिकाणी ते बाहेरच्या विमानाला मिळेल का, किती आधी सांगावे लागेल आणि पिंपाने घ्यावे लागेल काय, याची उत्तरे लेखी घ्यावीत. हाच प्रश्न हँगरबद्दल. जून ते सप्टेंबर उघड्यावर उभे केलेले विमान हे गंजाला दिलेले आमंत्रण आहे. हँगरची जागा निश्चित झाल्याशिवाय विमान घेऊ नये. तिसरे, ज्या अभियंत्याच्या परवान्यावर त्या प्रकारच्या विमानाची आणि इंजिनाची नोंद आहे असा माणूस किती अंतरावर आहे, हे पाहावे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत उत्तम कारागीर आहेत आणि त्यांना धातूची जाण आहे, पण प्रमाणपत्र नसलेला एक बोल्टसुद्धा विमानाला लावता येत नाही.

*सावधान:* ॲव्हगॅसच्या टाकीत जेट इंधन गेले तर जमिनीवर इंजिन चालूही होते आणि उड्डाणानंतर ठोके घेत नष्ट होते. इंधन भरताना मालकाने स्वतः उभे राहावे.

टप्पा ५: खरे अंदाजपत्रक

खरेदीची किंमत हा अंदाजपत्रकाचा एक भाग आहे आणि पुष्कळदा तो सोपा भाग असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानांवरील जीएसटीचा दर ४० टक्के झाला आहे. म्हणजे परदेशात १ कोटीला मिळणारे विमान सीमाशुल्क, वाहतूक आणि विमा बाजूला ठेवूनही १ कोटी ४० लाखांचे होते. सीमाशुल्काचा आकडा कस्टम्स सल्लागाराकडून त्या विमानाच्या नावानिशी लेखी घ्यावा.

वार्षिक स्थिर खर्चात हँगर, विमा, वार्षिक तपासणी, उड्डाणयोग्यतेचे नूतनीकरण आणि नकाशे व माहितीसंचांची वर्गणी धरावी. ताशी खर्चात इंधन, तेल आणि दुरुस्तीचा राखीव निधी येतो. या राखीव निधीच्या हिशेबात जवळपास सगळेच चुकतात, म्हणून तो उलगडून सांगतो.

समजा, इंजिनाच्या ओव्हरहॉलला (ते पूर्ण उघडून नव्याने जुळवण्याला) सर्व मिळून ४० लाख रुपये लागतील आणि निर्मात्याची मर्यादा २,००० तास आहे. साधा भागाकार ताशी २,००० रुपये दाखवतो. पण लायकॉमिंग या इंजिन-निर्मात्याच्या मर्यादेत तासांबरोबर वर्षेही आहेत: २,००० तास किंवा १२ वर्षे, जे आधी येईल ते. वर्षाला ८० तास उडणारा मालक १२ वर्षांत ९६० तासच उडतो. म्हणून खरा राखीव निधी ताशी सुमारे ४,१७० रुपये होतो, दुपटीहून अधिक. येथे वर्षांची मर्यादा ही केवळ सूचना आहे असे समजून चालू नये. आपल्या देखभाल कार्यक्रमात ती कशी धरली आहे, हे अभियंत्याला विचारावे. स्थिर गतीच्या प्रॉपेलरलाही तास आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा असतात. त्याचा हिशेब याच पद्धतीने स्वतंत्र मांडावा.

*तपासा:* खरेदीनंतर, पहिल्याच वर्षी इंजिन उघडावे लागले तर तो खर्च कर्ज न काढता झेपेल काय? झेपत नसेल तर खरेदीची मर्यादा तेवढ्याने खाली आणावी. कमी किमतीचे आणि सुस्थितीतील साधे विमान हे महागड्या आणि थकलेल्या वेगवान विमानापेक्षा केव्हाही चांगले.

टप्पा ६: आता विमाने

भारतातील खरेदीदारापुढे दोन वेगळे साठे असतात. पहिला साठा व्हीटी, म्हणजे भारतीय, नोंदणी असलेल्या, भारतातच असलेल्या विमानांचा. दुसरा आयात करण्याजोग्या विमानांचा. आयातीच्या विमानाच्या वयावर डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, बंधने आहेत. त्यामुळे १९६० आणि १९७० च्या दशकांतील स्वस्त, वेगवान विमाने परदेशी जाहिरातींत कितीही आकर्षक दिसली तरी चालू नियम वाचल्याशिवाय आणि लेखी विचारणा केल्याशिवाय त्यांच्या मागे लागू नये. ती नोंदणीत आधीच असतील तर गोष्ट वेगळी.

जुन्या वेगवान विमानांत मूनी एम-२० कुटुंब थोड्या इंधनात जास्त वेग देण्यात पुढे आहे: एम-२० जे सुमारे १५५ ते १६० नॉट वेग ताशी ३८ लिटरच्या आसपास देते. आत बसायला जागा मात्र आटोपशीर आहे आणि नव्या मूनीचे उत्पादन थांबल्याने काही सुट्या भागांची वाट पाहावी लागते. पायपर ॲरो सुमारे १४० नॉट देते. बसायला सोपे, भाग मिळायला सोपे. सेस्ना १७७ आरजी सुमारे १४५ नॉटचे आहे. व्ही आकाराच्या शेपटीचे बोनान्झा १६५ नॉटच्या पुढे जाते, पण त्याच्या शेपटीचे मॅग्नेशियमचे पत्रे मिळवणे हा स्वतंत्र प्रश्न आहे.

चाके आत न घेणाऱ्या विमानांना कमी लेखू नये. ग्रुमन टायगर १८० अश्वशक्तीवर स्थिर चाकांनिशी सुमारे १४० नॉट देते. सेस्ना १८२ हे २३० अश्वशक्तीचे विमान तितक्याच वेगाने अधिक भार नेते, मात्र ताशी ४९ लिटर जाळते. चाके आत घेण्याची यंत्रणा नसली की विमा, देखभाल आणि चाके न सोडता उतरण्याचा धोका, हे तिन्ही कमी होतात. १४० आणि १६० नॉटमधील १३ मिनिटे पुन्हा आठवावीत.

आयातीच्या साठ्यात सिरस एसआर-२० (सुमारे १५० नॉट), एसआर-२२ (३१० अश्वशक्ती, सुमारे १७५ नॉट) आणि डायमंड डीए-४० एनजी ही नावे पुढे येतात. सिरसला संपूर्ण विमानाचा पॅराशूट असतो आणि तो दर १० वर्षांनी नव्याने भरून घ्यावा लागतो. दहा वर्षे पूर्ण होत आलेले सिरस घेताना हा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

डीए-४० एनजीकडे आमच्या भागातील खरेदीदाराने सर्वात आधी पाहावे, असे मला वाटते. त्याचे १६८ अश्वशक्तीचे ऑस्ट्रो इंजिन जेट ए-१ वर चालते, म्हणून ज्या प्रवासी विमानतळावर जाल तेथे बहुधा इंधन मिळते. जळण ताशी २० ते ३० लिटर, वेग सुमारे १३५ नॉट. दुसऱ्या टप्प्यात परतीचे इंधन वाहून नेण्यासाठी जी कसरत केली, ती येथे फारशी करावी लागत नाही. उणे बाजूला उपयुक्त भार बेताचा आहे, आणि गिअरबॉक्ससारखे ठरावीक तासांनी तपासायचे वा बदलायचे भाग आहेत; त्यांची यादी व उरलेले तास विक्रेत्याकडून घेतल्याशिवाय किंमत ठरवू नये.

प्रकार प्रमाणपत्र (त्या बनावटीला नियामकाने दिलेली मान्यता) नसलेली, घरी बांधलेली वेगवान विमाने परदेशात स्वस्त दिसतात. या लेखातील उद्देशासाठी ती बाजूला ठेवावीत.

*सूचना:* यादीत तीनपेक्षा अधिक प्रकार ठेवू नका. प्रत्येक प्रकारात किमान एक तास प्रशिक्षकासह, बरोबर घरचे एक माणूस घेऊन बसा. दीड तास बसवणार नाही असे विमान घरचे लोक दुसऱ्यांदा वापरत नाहीत.

टप्पा ७: आधी कागद

विमान पाहायला जाण्यापूर्वी सर्व लॉगबुकांच्या छायाप्रती मागवाव्यात: विमानाच्या सांगाड्याचे, इंजिनाचे, प्रॉपेलरचे, पहिल्या दिवसापासूनचे. एखादे लॉगबुक "हरवले" असेल तर तेथेच थांबावे. कागद वाचण्याचाही क्रम आहे.

पहिले, मालकी आणि बोजा. अमेरिकेतील विमान असेल तर ओक्लाहोमा सिटी येथील नोंदणी कार्यालयातील अभिलेखावरून मालकी व कर्जाचा शोध घ्यावा आणि मोठ्या दुरुस्त्यांचे फॉर्म ३३७ तेथूनच मिळवावेत. विक्रेत्याच्या फाईलवर विसंबू नये. दुसरे, सक्तीच्या दुरुस्ती-आदेशांची, म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हची यादी. प्रत्येक आदेशापुढे तारीख, तास आणि सही हवी. तिसरे, दरवर्षी विमान किती उडाले. ज्या वर्षी ५ तासही उडाले नाही अशी सलग वर्षे दिसली, तर ते "कमी तासांचे इंजिन" नसून बहुधा गंजलेले इंजिन आहे. लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट इंजिनाच्या वरच्या भागात असतो. विमान उभे राहिले की त्यावरचे तेल निथळून जाते आणि दमट हवेत गंज धरतो. चौथे, प्रॉपेलर जमिनीला लागल्याची किंवा चाकांविना उतरल्याची नोंद आणि त्यानंतर इंजिन उघडून तपासल्याचा पुरावा.

भारतातील विमानाबाबत आणखी एक कागद महत्त्वाचा आहे. प्रशिक्षणासाठी किंवा भाड्याच्या सेवेसाठी शुल्कसवलतीत आयात झालेले विमान खाजगी वापरासाठी घेतले, तर त्या सवलतीच्या अटी मोडतात आणि शुल्काची मागणी येऊ शकते. मूळ आयातीची कागदपत्रे पाहिल्याशिवाय जुने प्रशिक्षण विमान घेऊ नये.

*तपासा:* नोंदणी, उड्डाणयोग्यता आणि आयात यांविषयीच्या प्रत्येक शंकेचे उत्तर डीजीसीएच्या नियमावलीतील कलमासह हातात असावे. दलालाचे तोंडी "होऊन जाईल" हे उत्तर नव्हे.

टप्पा ८: खरेदीपूर्व तपासणी

तपासणी करणारा अभियंता आपण नेमावा, आपण पैसे द्यावेत, आणि जी कार्यशाळा आजवर ते विमान सांभाळत आली ती निवडू नये. त्या प्रकारची विमाने नित्य हाताळणारा माणूस शोधावा. सर्वसाधारण अनुभव येथे पुरेसा नाही.

सुरुवात इंजिनापासून. विमान उडवून, गरम असताना दाब-चाचणी (प्रत्येक सिलिंडर दिलेला दाब किती धरून ठेवतो याची) घ्यावी. ८० पैकी मिळणारा दाब एका सिलिंडरचा थोडा कमी आला म्हणून घाबरू नये आणि सर्वांचा उत्तम आला म्हणून निश्चिंतही होऊ नये. त्यासोबत बोरस्कोपने (सिलिंडरच्या आत घालून पाहण्याच्या नळीने) प्रत्येक निकास-झडप पाहावी. झडपेवरील रंगाची वर्तुळे एका बाजूला सरकलेली असतील तर ती झडप एका कडेला जळत आहे. तेलाची गाळणी कापून तिच्या पट्ट्यांत धातूचे कण शोधावेत. ज्या लायकॉमिंगचा इतिहास उभे राहण्याचा आहे, त्यात एक सिलिंडर काढून कॅमशाफ्ट प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मागावी; विक्रेता नाही म्हणाला तर त्या नकाराचीही किंमत धरावी.

सांगाड्याकडे वळल्यावर प्रत्येक प्रकाराचे दुखणे वेगळे असते. मूनीत इंधन थेट पंखातच साठवले जाते आणि जोड बंद करणारे रसायन जुने झाले की निळे ओघळ दिसतात. तसेच खिडक्यांतून पाणी झिरपून आतल्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्याला गंज चढतो, म्हणून आतली आच्छादने काढूनच पाहावे. जुन्या सेस्ना १८२ मध्ये रबरी टाक्यांना सुरकुत्या पडून पाणी अडकते, आणि आसनांचे रूळ झिजतात. पायपर ॲरोत पंखाच्या मुख्य तुळईच्या तपासणीचा २०२० चा आदेश पूर्ण झाला आहे का ते पाहावे. चाके आत घेणारे कोणतेही विमान जॅकवर चढवून चाके सामान्य पद्धतीने आणि आणीबाणीच्या पद्धतीने वर-खाली करून पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही.

रंग आणि चामड्याची आसने शेवटी पाहावीत.

उपकरणांबाबत माझा नियम सोपा आहे: हवी असलेली उपकरणे आधीच बसवलेले विमान घ्यावे. नंतर बसवण्याचा खर्च विकताना परत मिळत नाही, आणि प्रत्येक बदलाला मंजुरीचे कागद लागतात. ४०६ मेगाहर्ट्झचा आणीबाणी संदेशक आणि त्याच्या बॅटरीची मुदत आवर्जून पाहावी.

टप्पा ९: चाचणी उड्डाण आणि करार

जाहिरातीतील वेग मोजून घ्यावा. ७,००० ते ८,००० फुटांवर, ठरलेल्या शक्तीवर, उत्तर, पूर्व, दक्षिण आणि पश्चिम अशा चारही दिशांना प्रत्येकी दोन मिनिटे स्थिर उडून जीपीएसवरील वेगाची सरासरी काढावी. वाऱ्याचा परिणाम जवळजवळ निघून जातो. उड्डाणापूर्वी आणि नंतर टाकी काठोकाठ भरून जळण मोजावे. १६० नॉटचे म्हणून विकले जाणारे विमान १४८ नॉटचे निघणे काही विरळ नाही.

करारात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात: विसार त्रयस्थ खात्यात राहील, तपासणीत उड्डाणयोग्यतेला बाधक दोष आढळल्यास तो परत मिळेल, दुरुस्तीचा खर्च कोण देईल, भारतात नोंदणी नाकारली गेल्यास काय होईल, आणि सर्व लॉगबुके पैशांच्या अंतिम हप्त्यापूर्वी हाती येतील. विम्याचा लेखी दर याच वेळी हातात हवा; विमा कंपनी वैमानिकाचे एकूण तास आणि चाके आत घेणाऱ्या विमानावरचे तास वेगळे विचारते, आणि तास कमी असतील तर प्रशिक्षकासह ठरावीक तास पूर्ण करण्याची अट घालते.

टप्पा १०: ताबा मिळाल्यानंतरचे पहिले तास

परवान्यावर त्या विमानाची नोंद झाल्यावरही थेट हैदराबादचा बेत करू नये. प्रशिक्षकासह सांबऱ्याभोवतीची आवर्तने, मग कोल्हापूर, जे हवाई मार्गाने १०० किलोमीटरहूनही कमी आहे, मग हुबळी; हे सर्व सकाळच्या थंड हवेत आणि कमी वजनाने. त्यानंतर पूर्ण वजनाने, आणि सर्वात शेवटी उन्हाळ्याच्या दुपारी. वेगवान विमान उतरवताना वेग आधीपासून कमी करत आणावा लागतो. प्रशिक्षणाच्या मंद विमानातील सवय येथे धावपट्टीचा अर्धा भाग खाऊन टाकते.

पहिल्या २५ तासांनी तेल बदलून गाळणी कापावी आणि तेलाचा नमुना तपासणीला पाठवावा. पुढच्या नमुन्यांची तुलना याच्याशी करायची असते. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा पाऊण तास उडवून तेल पूर्ण गरम होऊ द्यावे. हँगरसमोर दहा मिनिटे इंजिन चालवून बंद करणे ही येथील सर्वांत प्रचलित चूक आहे: तेवढ्या वेळात तेलातील पाणी उडून जात नाही, उलट नवे पाणी जमते. महिनाभर उडता येणार नसेल तर निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे संरक्षक तेल भरून, सिलिंडरांना आर्द्रताशोषक प्लग लावून इंजिन बंद ठेवावे, आणि प्लगमधील दाण्यांचा रंग बदलला की ते बदलावेत.